लाकडावर टाइप केलेलं

"पंचवीस हजारांत याहून चांगलं मशीन कोण देतो, तेवढं सांगा चाचा. मग मी दुकान बंद करतो."

हर्षल डोईफोडेने कागद टेबलावर आपटला. बसला नाही. उभाच राहिला.

वजीरचाचांनी कागदाकडे पाहिलं नाही. ते एका कॉम्प्युटरचा पंखा रंगाच्या ब्रशने झाडत होते. झाडतच राहिले.

...

माझं कुलपं दुरुस्तीचं खोकं चाचांच्या पायरीला लागून आहे, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. ऐकीव सांगत नाही. ऐकीव सांगणाऱ्यांचा मला राग येतो.

निलंग्याच्या कचेरी रोडवर वजीरचाचा चाळीस वर्षं टाइपरायटर दुरुस्त करत. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, तेही ते शिकले. कुणाकडून शिकले, ठाऊक नाही. पाटी मात्र 'वजीर टाइपरायटर' अशीच राहिली. मी एकदा पाटी बदला म्हणालो, तर म्हणाले, रंगारी महाग आहे. असल्या माणसाला गुरू म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण त्या शनिवारी जे झालं, त्याला दुसरा शब्दही मला सापडत नाही.

हर्षल त्यांचाच चेला. दोन वर्षं याच दुकानात स्क्रू काढायला शिकला. मग लातूरला डिप्लोमा केला आणि परत येऊन बसस्टँडसमोर काचेचं दुकान टाकलं. आत थंडगार. पायातलं बाहेर काढून आत जायचं. मी कधी गेलो नाही. कुलूप दाखवायला लोक माझ्याकडे येतात, मी कुणाकडे जात नाही.

त्या दिवशी हर्षल एकटा आला नव्हता. म्हणजे त्याच्या आधीच येऊन पायरीवर एक माणूस बसला होता, त्याच्याच हातातला कागद हिसकून हर्षल आत शिरला. तो माणूस म्हणजे वामनराव कुंदे.

वामनराव एकतीस वर्षं कचेरीसमोर पत्र्याखाली बसून मराठी टाइप करतात. प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं, भावाची भावाविरुद्ध तक्रार. अख्ख्या तालुक्याची भांडणं त्यांच्या बोटांखालून गेली. पण आता वकिलांना कागद कॉम्प्युटरवरचा हवा. चूक झाली तर सगळं पान पुन्हा मारायला नको. एकेक करत सगळे वकील सुटले. उरल्या एकट्या देवणीकर वकीलबाई. त्यांनी सांगून ठेवलं होतं, सोमवारी कॉम्प्युटर लावून बसा, माझं सगळं काम तुमचं. नाही जमलं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. बाईंचंही चुकलं नाही. कोर्ट कुणासाठी थांबत नाही.

भिशीचे पंचवीस हजार घेऊन वामनराव सकाळी आधी हर्षलकडे गेले. त्याने यादी काढून दिली आणि एका नव्या मशीनपुढे बसवलं. मारून बघा काका, म्हणाला. काकांनी मारलं. पडद्यावर जे उमटलं ते मराठी नव्हतं, इंग्रजीही नव्हतं. नुसता भुसा. पुन्हा मारलं, पुन्हा भुसा. दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मग त्यांना समजावण्यात आलं की मराठी लिहायचं असेल तर हल्ली इंग्रजी अक्षरांत लिहायचं, मशीन त्याचं मराठी करतं.

हे मला वामनरावांनी पायरीवर बसून सांगितलं, तेव्हा वेड मला लागलंय की जगाला, तेच कळेना.

हर्षल तसा गोड बोलला होता. दोन महिन्यांचा क्लास लावा काका, येईल हळूहळू, म्हणाला.

सोमवारला दोन महिने नव्हते. दोन दिवस होते. म्हणून वामनराव यादी घेऊन चाचांकडे आले, आणि ते कळताच हर्षल मागोमाग.

...

चाचांनी ब्रश ठेवला. चष्मा लावला. यादी वाचली. त्यांना वाचायला वेळ लागत नाही, पण त्यांनी वेळ लावला.

"हे कुणासाठी?"

"काकांसाठी."

"यात काका कुठे आहेत?"

हर्षल हसला. मग त्याने बोट ठेवून ठेवून यादी समजावली. यंदाचाच प्रोसेसर. वेगळं ग्राफिक्स कार्ड, त्यावर हवे ते खेळ चालतात. एका बाजूने काचेचा डबा, आत रंगीत दिवे. चोवीस इंची पडदा. एवढ्या पैशांत हे बसतच नाही, आपण स्वतःचा नफा सोडून बसवलंय, असंही म्हणाला. ते खरं असणार. पोरगा गर्विष्ठ आहे, लुच्चा नाही.

चाचांचं बोट यादीच्या शेवटच्या ओळीवर थांबलं.

"इथे काय लिहिलंय?"

"कीबोर्ड आणि माउस. फुकट. सगळेच देतात."

"ज्याला दिवसभर बोटं लागणार, ते फुकट."

...

"आणि ज्याला कधी हात लागणार नाही, त्याला सगळे पैसे," चाचांनी पुरं केलं.

हर्षलचे कान लाल झाले. तो बरंच बोलला. धंदा असाच चालतो, कीबोर्ड म्हणजे कीबोर्ड, त्यात बघायचं काय, तुम्ही अजून टाइपरायटरच्या जमान्यात आहात, वगैरे. मी मध्ये काही म्हणणार होतो, तर मला म्हणाला, तात्या, तुम्ही कुलपं बघा. मी कुलूप बघितलं. पण कान इकडेच.

शेवटी तो नको ते बोलून गेला.

"खरं सांगू चाचा? मशीनचा प्रश्नच नाही. काकांचे हात आता..."

पुढचं त्याने गिळलं. पण पायरीवरून वामनरावांनी पुरं केलं. एस. टी. गेली म्हणून सांगावं तसं सांगितलं.

"हात गेले, म्हणा की. मी पाहिलं ना पडद्यावर."

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, टाइपरायटर भंगारात कसा घेतात, किलोवर की नगावर?

मला भाव माहीत होता. मी सांगितला नाही.

...

चाचा उठले. टेबलावरचा पंखा, स्क्रू, वायरी, सगळं उचलून खाली ठेवलं. ओल्या फडक्याने टेबल पुसलं. मग कोरड्या फडक्याने पुसलं. खुर्ची ओढली आणि पायरीकडे पाहिलं.

"वामनराव, या. बसा."

वामनराव आत आले, बसले. चाचांनी टेबलाच्या मधोमध तळवा ठेवला.

"मशीन इथे ठेवलं. ठीक?"

टेबलावर काही नव्हतं. वामनरावांनी क्षणभर चाचांच्या तोंडाकडे पाहिलं.

"जरा डावीकडे," ते म्हणाले.

चाचांनी तळवा डावीकडे सरकवला.

"मारा."

"कशावर?"

"यावर."

हर्षलने माझ्याकडे पाहिलं. मीही हसेन असं त्याला वाटलं असावं. मला हसू येतही होतं. पण त्याच्याबरोबर हसायचं नव्हतं, म्हणून हसलो नाही.

वामनरावांनी दोन्ही हात लाकडावर ठेवले. उचलले. उजव्या हाताने हवेतच काहीतरी फिरवलं. कागद घालताना रूळ फिरवतात तसं. आपण हे केलं हे त्यांनाही कळलं नसावं.

मग बोटं पडू लागली.

टक. टक टक. टक.

दहाही बोटं. करंगळीसुद्धा. सागवानावर नखं वाजत होती. चाचा त्यांच्या खांद्यामागे उभे राहिले आणि टेबलाकडे बघून सावकाश वाचू लागले.

"मी... खाली सही करणार... वय एकोणसाठ... धंदा टायपिंग... राहणार निलंगा... सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की..."

ओळ संपत आली तेव्हा चाचांनी हातातला पेचकस चहाच्या रिकाम्या ग्लासवर वाजवला.

टिंग.

वामनरावांचा डावा हात आपोआप वर गेला आणि त्याने टाइपरायटरची गाडी उजवीकडे ढकलली. तिथे गाडी नव्हती, मशीन नव्हतं. पण मी शपथेवर सांगतो, मला ती सरकलेली दिसली.

माझ्या हातातली कानस तशीच राहिली.

...

"पाठ आहे हे," हर्षल म्हणाला.

त्याचा आवाज खाली आला होता, पण त्याने हार मानली नव्हती. त्याचं म्हणणं असं, की काका एकतीस वर्षं हेच मारतात, चाचा चाळीस वर्षं हेच ऐकतात. देवळातली आरती झाली ही. यात वाचायचं काय आलं?

पोराचं बरोबर होतं. मलाही मनातून तेच वाटलं होतं.

चाचा रागावले नाहीत. वामनरावांच्या कानाशी वाकले.

"जे घरीसुद्धा सांगितलं नाही, ते मारा."

वामनरावांचे हात लाकडावर पडून राहिले...

रस्त्याने कांद्याचा ट्रॅक्टर गेला. त्याची धूळ बसली. तरी हात तसेच.

मग डावी करंगळी हलली. मग बाकीची.

यावेळी वेग नव्हता. माणूस विहिरीच्या पायऱ्या उतरतो तशी बोटं जात होती. एक टिंग झाली. दुसरी झाली. चाचांचे ओठ आधी हलत होते, मग हलायचे थांबले. नुसते डोळे वामनरावांच्या बोटांवर. तिसरी टिंग झाली तेव्हा ग्लास वाजवणारा हात थोडा चुकला, एवढं मला दिसलं. चाचांचा हात चुकलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

बोटं थांबली.

"काय लिहिलं?" हर्षलने विचारलं. अगदी हळू.

चाचांनी वामनरावांना विचारलं, "शेवटची ओळ याला सांगू?"

वामनरावांनी होकाराची मान हलवली.

"'माझे हात संपले.'"

वामनरावांची मान खाली होती. ती आणखी खाली गेली, त्यावरून मला कळलं की ओळ तीच होती.

चाचांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला.

"एकही चूक नाही," ते म्हणाले.

...

वामनरावांनी आपले हात उलटे करून पाहिले. सुलटे करून पाहिले. बाजारात दुसऱ्याची वस्तू उचलून बघावी तसे.

मग त्यांनी विचारलं, "'संपले'वरचा अनुस्वार?"

"लागलाय. डाव्या करंगळीने."

"हलका तर नाही ना पडला?"

"नाही. ठळक आहे."

वामनराव खुर्चीत नीट बसले. पाठ सरळ झाली. सकाळपासून पहिल्यांदा.

मी पुष्कळ बाबा-बुवा पाहिलेत. हवेतून अंगारा काढणारे पाहिले, पाण्यावर दिवा लावणारा एक पाहिला. एकालाही पाया पडलो नाही. हे मात्र पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. तसं यात चमत्कार काही नाही, हे मलाही कळतं. चाळीस वर्षं ज्याने त्या मशीनची एकेक कळ काढली, पुसली, बसवली, त्याला कुठल्या जागी कुठलं अक्षर ते ठाऊक असणारच. तरी काटा आला. अजून, हे सांगतानासुद्धा येतो.

हर्षल बाहेर आला आणि माझ्या शेजारी पायरीवर बसला. मघाशी वामनराव बसले होते, तिथेच. मला वाटलं, आता निघून जाईल. तो गेला नाही. थोड्या वेळाने, मागे न बघता, त्याने विचारलं, "चाचा... मग मशीन कोणतं?"

सकाळीही त्याने हेच विचारलं होतं. पण सकाळी त्याला उत्तर नको होतं.

"कागद उलटा कर," चाचा म्हणाले. "लिही."

चाचांनी बोटांपासून सुरुवात केली. आधी कीबोर्ड. जड हवा, कळ खोल जाणारी हवी, दाबली की बोटाला कळलं पाहिजे. त्यात पैसे घालायला कचरायचं नाही. मग जुन्या टाइपरायटरवर अक्षरं ज्या जागी होती त्याच जागी कॉम्प्युटरवर आणायची. ही सोय कुठल्याही मशीनमध्ये बसवता येते, कुणी बसवत नाही, एवढंच. हर्षलला ती ठाऊक नव्हती. तो इंग्रजी अक्षरांवरूनच मराठी टाइप करायला शिकला होता, दुसरा रस्ता असतो हे त्याच्या डिप्लोमात नव्हतं. त्याने मुकाट्याने लिहून घेतलं.

मग पडदा. चकाकणारा नको, पत्र्याखाली डावीकडून ऊन येतं. मोठाही नको. मग वीज गेली तर पान वाचवायला बॅटरी. मग एक छपाईयंत्र, वापरलेलं चालेल, पण दणकट.

"आणि डबा?" हर्षलने विचारलं.

"उरेल त्यात."

उरलं त्यात एका कचेरीने काढून टाकलेला तीन वर्षांचा डबा बसत होता. आतली साठवणीची पट्टी तेवढी नवी घालायची. दिवे नाहीत, काच नाही. हर्षल म्हणाला, असा डबा माझ्या दुकानातून कधी गेला नाही. चाचा म्हणाले, जाईल. आणि परत पंखा झाडायला बसले.

हर्षल स्वतः मोटारसायकलवर दोन खेपा घालून सगळं घेऊन आला. कुणाला पाठवलं नाही. जोडायलाही तोच बसला. चाचा स्टुलावर बसून बघत होते. एकदा एक वायर उलटी लावली, तेव्हा फक्त खाकरले.

...

दुपारी चार वाजता सगळं त्याच टेबलावर मांडून झालं. बॅटरी तेवढी खोक्यातच होती, ती चार्ज करून सोमवारी लावायची ठरलं.

वामनरावांनी वकीलबाईंचा हाताने लिहिलेला एक दावा बरोबर आणला होता. दोन बहिणींचा, विहिरीच्या वाट्यावरून. तो त्यांनी डाव्या हाताला उभा केला आणि त्याच्यावर नजर लावली. मराठी चाळीसची, म्हणजे मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा दिलेल्या माणसाची नजर कागदावर असते. मशीनवर नसते. ज्याची नजर मशीनवर गेली, तो नापास.

बोटं ठेवली. अनुस्वार नाही, काना नाही, काही मारलं नाही थोडा वेळ. नुसती ठेवली...

मग सुरू झालं.

हर्षल पडद्याला चिकटला होता. पहिलं अक्षर आलं. दुसरं आलं. मग शब्द, मग ओळ, मग ओळीमागून ओळ. स्वच्छ मराठी. जोडाक्षरं जागच्या जागी. कुठे भुसा नाही.

"चाचा," तो म्हणाला, "इकडे बघा ना."

चाचा बोटांकडे बघत होते. त्यांनी मान वर केली नाही.

कॉम्प्युटरवर ओळ आपोआप खाली उतरते म्हणे. वामनरावांना ते कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर हातांनी ऐकलं नव्हतं. एक ओळ झाली की डावा हात वर जायचा, नसलेली गाडी उजवीकडे ढकलायचा आणि परत खाली यायचा. हर्षलला ते दिसलं. सकाळचा हर्षल असता तर हसला असता.

आणि वीज गेली.

पंखा फिरत फिरत थांबला. पडदा काळा झाला. कचेरी रोडवरचे सगळे मिक्सर, सगळे रेडिओ एकदम गप्प. त्या शांततेत फक्त कळा वाजत होत्या.

टक टक. टक टक टक.

वामनरावांची नजर दाव्याच्या कागदावर. मोठ्या बहिणीचा हिस्सा, धाकटीचा हिस्सा, विहिरीला जायची वाट. बोटं पळत होती. सकाळपासून इतकी पळाली नव्हती.

हर्षल थांबवायला पुढे वाकला. चाचांनी त्याचं मनगट धरलं.

"चाचा, वीज गेलीय. पडद्यावर काही नाही. सगळं पुसलं गेलं."

ओळ संपली. डावा हात वर गेला. काहीच नसलेलं उजवीकडे ढकललं. खाली आला. पुढची ओळ सुरू.

"त्यांना सांगायला पाहिजे ना कुणीतरी?" हर्षल कुजबुजला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

चाचांनी मनगट सोडलं नाही. बोटांवरची नजरही हलवली नाही.

"विजेला सांग," ते म्हणाले. "त्यांचं चालू आहे."